लोटक्यातले चिंचोके

॥ श्री ॥

मळ्यातली वस्ती, आष्टा
ता. १८ जानेवारी १९४४

ती. सौ. चंद्राआक्का हिस,
मनूचा कृ. सा. न. वि. वि.

तुझा तिळगूळ पोचला. हलवा निम्मा वाटेतच फुटला होता, पण चुरासुद्धा कोणी सोडला नाही. इकडे सर्व खुशाल. गुऱ्हाळ सुरू झालं आहे. थोरले दीर नानासो रात्रंदिवस घाण्यावर असतात आणि घराला, कपड्यांना, केसांनासुद्धा गुळाचा वास येतो. यांचं पत्र पंधरा दिवसांपूर्वी छावणीतून आलं. मुक्कामाचं नाव लिहायला बंदी आहे, पण पोटभर मिळतं असं लिहितात.

आता खरं लिहिते. हरणा सहा वर्षांची झाली आणि अजून अंथरूण ओलं करते. पूर्वी आठवड्यातून दोनदा व्हायचं. वडील फौजेत गेल्यापासून एक रात्र चुकत नाही. सगळे उपाय झाले. तिळाचे लाडू झाले, औंधच्या यमाईचा अंगारा झाला, आणि महिनाभर दुपारनंतर तिला पाण्याचा थेंब द्यायचा नाही असा सासूबाईंचा हुकूम आहे. तरी वाकळ ओली ती ओलीच. जाऊबाई धोंडुबाई ती वाकळ मुद्दाम रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत घालतात. उसाच्या तोडीला आलेली माणसं विचारतात, आणि त्या हौसेनं सांगतात. पोर दिवसभर घरामागच्या परड्यात लपून बसते. परवा माझाही तोल गेला नि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. आणखी एक बसेल म्हणून पाठ तशीच धरून उभी राहिली.

पण भीती वेगळीच आहे. आमच्या सासूबाई राहीबाई पंचक्रोशीत डाग देण्यासाठी नावाजलेल्या, हे तू ऐकून आहेस. पोट फुगलेलं, दम लागणारं, अंथरूण ओलं करणारं, कसलंही पोर लोक त्यांच्याकडे आणतात. होळीच्या निखाऱ्यात खुरप्याचं टोक लाल करायचं आणि पोराच्या बेंबीखाली टेकवायचं. राहीबाईच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. तो गुण पहिल्यांदा आमच्याच घरात आला. हे सात वर्षांचे असताना असंच करायचे. सासूबाईंनी डाग दिला आणि दुखणं तिथल्या तिथे बंद झालं. तेव्हापासून दाराशी रीघ. आता येत्या होळीला हरणाला डाग द्यायचा असं ठरलं आहे.

मी नाही म्हणाले. लग्नाला नऊ वर्षं झाली, या घरात मी पहिल्यांदा नाही म्हणाले. तेही सोप्यात, सगळ्यांदेखत. सासूबाईंनी इतकंच सांगितलं की होळीला अजून अवकाश आहे.

त्या दुष्ट नाहीत, हेही लिहिते. हरणाच्या डोक्याला रोज तेल त्याच लावतात. म्हणून तर जास्त अवघड आहे. तू मुलींच्या शाळेत शिकवतेस, शंभर पोरी बघतेस. मी काय करू ते लिही.

दाजींना नमस्कार. धाकटीवरचा लोभ आटू देऊ नकोस, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी
मनू


मंगळवार पेठ, सातारा
ता. २४ जानेवारी १९४४

चि. सौ. मनू हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रागावले, मग हसले, मग पुन्हा रागावले. हसले अशासाठी की तुला काहीच आठवत नाही. खंडाळ्याच्या घरी तू आठ वर्षांची होईपर्यंत माझ्या कुशीत निजायचीस आणि आठवड्यातून चारदा मला भिजवायचीस. आई पहाटे वाकळ विहिरीवर नेऊन धुवायची आणि घरात विचारलं तर मांजरानं पाणी सांडलं म्हणून सांगायची. आपल्या वडिलांना, दादांना, शेवटपर्यंत कळलं नाही. एके दिवशी आपसूक थांबलं. तेव्हा तुझ्या लेकीनं हे कुणाकडून उचललं ते विचारायला ज्योतिषी नको.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम भेटले. त्या म्हणाल्या की अशी पुष्कळ मुलं असतात, झोप गाढ असते, वयाबरोबर बहुतेकांचं जातं. जळजळ किंवा ताप असेल तर मात्र दाखवायला आण. पाणी तोडण्याचं ऐकून त्या माझ्यावरच चिडल्या. दिवसा भरपूर पाजायचं, दिवे लागले की हात आखडायचा. निजण्याआधी तिला बाहेर नेऊन आण, आणि तू निजायला जाशील तेव्हा पुन्हा एकदा, पण झोपेत ओढत नव्हे, पुरती जागी करून. कोरडी उठली तर कौतुक कर; ओली उठली तर एक शब्द नको. आणि ती वाकळ रस्त्यावरून दिसता कामा नये. धोंडुबाईंना कुंपण रिकामं बघवत नसेल तर त्यांनी स्वतःचं लुगडं तिथे घालावं.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. दुपारपासून पाण्याचा थेंब नाही, तरी वाकळ भिजते. मग ते पाणी येतं कुठून? तिन्हीसांजेला ती कुठे जाते, काय पिते, अंधारात परड्यात जायला कशाला भिते, चार दिवस पोलीसपाटलासारखा तपास कर.

डागाचं एकच सांगते. आमच्या शाळेत पोटावर असा डाग असलेल्या तीन पोरी आहेत. कवायतीला हात वर करायचे म्हटलं की त्या एका हातानं पोलकं खाली ओढतात. आपल्या हरणाला पोलकं ओढायला लागू नये. तू नाही म्हणालीस ते फार बरं केलंस. आता त्या शब्दावर मांडी ठोकून बस. आणि मानसिंगरावांना लिही. सुनेचं बोलणं सासूला टोचतं. लेकाचंही टोचेल, पण ते पचेल.

दाजींचे आशीर्वाद. हरणाचा एक गालगुच्चा घे. आमची आठवण वाकळ धुताना का होईना, येऊ दे.

तुझी
आक्का


मळ्यातली वस्ती, आष्टा
ता. ९ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. आक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

चोर सापडला. आमचं गुऱ्हाळच चोर निघालं.

गुऱ्हाळावर आलेलं माणूस रस प्याल्यावाचून परत पाठवायचं नाही, ही इकडची रीत. वाटसरू असो की भिकारी. तसंच पाठवलं तर काहिलीतला गूळ बिघडतो म्हणतात. दुपारपासून तहानलेली पोर तिन्हीसांजेला घाण्याकडे जायची, आणि घरची लक्ष्मी आली म्हणून नानासो तांब्याभर रस तिच्या पुढ्यात ठेवायचे. मग गुळव्या आपल्या हातानं आणखी एक वाटी द्यायचा. पाण्याला बंदी होती, रसाला कोणी घातलीच नव्हती. हरणाला डाग द्याच असं सोप्यात सर्वांत मोठ्यानं बोलणारे हेच नानासो! मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मिशीला पीळ देत बसले, आणि मग रस म्हंजी काय पानी हाय व्हय, असं त्यांनी मलाच विचारलं.

दुसरं म्हणजे परड्याच्या वाटेवर जाऊबाईंचा मारका एडका बांधलेला असतो. पोर जागी झाली तरी उठायला धजत नव्हती. एडका मी गोठ्यापलीकडे नेऊन बांधला. जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तेवढीच घराला शांतता. रॉकेल मापानं मिळतं, म्हणून दाराशी करडईच्या तेलाची पणती ठेवते. वाकळ मी मागच्या बाजूला वाळवते.

आणि आक्का, गुण आला! हरणानं एक लोटकं घेतलं आहे. कोरडी उठली की त्यात एक चिंचोका टाकते. ही युक्ती तिची तिनंच काढली. आठ रात्रींत पाच चिंचोके झाले. पाचवा टाकला त्या दिवशी ती आपण होऊन कुंपणापाशी गेली आणि तोडीच्या माणसांकडे बघत उभी राहिली.

पण माझं सुख फार टिकलं नाही. जाऊबाईंनी तिला होळीचं सांगितलं आणि वळचणीचं खुरपं काढून दाखवलं. तेव्हापासून चार रात्री सलग ओल्या. पोरीनं चिंचोके गोठ्यात फेकून दिले. सासूबाईंना मी रडत सांगितलं, तर त्या म्हणाल्या की पाच चिंचोके म्हणजे काही गुण नव्हे, आपला मानसिंग एका डागात बरा झाला. मग माझं रडणं थांबलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं की हरणाला डागायचं तर आधी ते खुरपं माझ्या हातातून सोडवावं लागेल, लाल असलं तरी मी ते सोडणार नाही.

यांना परवा सगळं लिहिलं. आईचं गाऱ्हाणं लेकाकडे नेणाऱ्या सुनेला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. यांच्या बेंबीखाली अंगठ्याएवढा व्रण आहे. लग्न झाल्यावर मी एकदा त्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा ते कूस बदलून झोपले. पत्राच्या शेवटी तेच पुन्हा विचारलं आहे.

उत्तर आलं नाही तर होळीच्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी हरणाला घेऊन सांगलीला जाईन आणि आगगाडीनं तुझ्याकडे येईन. नवरा फौजेत असताना घर सोडलं असं लोक म्हणतील. म्हणू देत. तोंड लोकांचं आहे, पोट माझ्या लेकीचं आहे.

तू दार उघडशील ना, एवढंच कळव. बाकी लोभ तुझा आहेच, तो मागायला लाज वाटते.

तुझी
मनू


मंगळवार पेठ, सातारा
ता. १५ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. मनू हिस अ. उ. आ.

दार उघडशील का असं पुन्हा विचारलंस तर उघडणार नाही. आमच्या दोन खोल्या, त्यात दाजींची पुस्तकं आणि दाजींचं घोरणं, तरी तुम्हा दोघींना जागा आहे. दाजींना सांगितलं. ते म्हणाले की पोरगी खुशाल भिजवू दे, मी ओसरीवर निजेन, तेवढीच मला हवा.

मेणकापड पाठवते आहे. लढाईमुळे बाजारात मिळत नाही. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातलं जुनं दिलं. सांगलीच्या गूळपेठेत नानासोंच्या अडत्याकडे पोचेल, ते गुळाच्या गाड्या घेऊन गेले की आणतील. ते अंथरुणात घाल, म्हणजे खालचं भिजणार नाही आणि तुझं धुणं निम्मं होईल.

चार रात्री ओल्या गेल्या म्हणून खचू नकोस. भीतीनं ओलं झालेलं निखाऱ्यानं कसं वाळेल, हे तुझ्या सासूबाईंना माझं नाव घालून विचारलंस तरी चालेल. गोठ्यातून ते पाच चिंचोके शोधून काढ आणि परत लोटक्यात टाक. ते तिनं कमावलेले आहेत, कोणी खुरपं दाखवलं म्हणून बुडत नाहीत.

मात्र आधीच पळू नकोस. मानसिंगराव गप्प माणूस आहे, पण गप्प माणसाच्या पोटात पुष्कळ असतं. वाट बघ, गाठोडं बांधून ठेव, आणि माझ्याविषयी शंका ठेवू नकोस.

तुझी
आक्का


छावणीतून
ता. २७ फेब्रुवारी १९४४

सौ. हरणाच्या आईस,
मानसिंगचा आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी तीन वेळा वाचलं. हे पत्र नेहमीप्रमाणे सोप्यात सर्वांसमोर वाचणे. मधली एकही ओळ गाळायची नाही. फौजेत मी रोज हुकूम पाळतो, घरात हा पहिलाच देतो.

आई, तू समोर बसून ऐकते आहेस असं धरून लिहितो. तू मला डाग दिलास तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाय नाथाजी आज्यानं धरले होते. तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतीस, हे मी विसरलो नाही. पण आई, त्या डागानं मी बरा झालो नाही. दुसऱ्याच रात्री अंथरूण ओलं झालं. पुन्हा डागशील या भीतीनं मी गोठ्यात आज्याजवळ निजायला गेलो. घरात वाटलं, पोराला आज्याचा लळा लागला. तिथं मी उसाच्या पाचटावर निजायचो आणि रोज ओलं करायचो. आज्या कोंबड्याच्या आधी उठून ते पाचट उकिरड्यावर टाकायचा आणि नवं पसरायचा. त्यानं एक शब्द कधी काढला नाही. असं चार वर्षं चाललं. अकराव्या वर्षी ते आपोआप थांबलं.

तोवर गाव म्हणू लागलं होतं की राहीबाईच्या हाताला गुण आहे. आबा वारल्यावर विधवा बाई म्हणून तुला भावकीत कोणी विचारत नव्हतं, ते विचारायला लागलं. तुझा चेहरा उजळला, मग मला तोंड उघडवेना. दाराशी पोरं यायची, ओरडायची, आणि मी रानात निघून जायचो. माझ्या गप्प बसण्याचा चटका किती पोरांना बसला ते देवाला ठाऊक.

इथं नवीन भरतीची दणकट पोरं येतात. पहिल्या महिन्यात दोघातिघांचं कांबळं ओलं असतं. हवालदार काही बोलत नाही, कांबळं उन्हात टाकायला लावतो आणि परेडला नेतो. त्यातला एक आज कंपनीत पहिल्या नंबरचा नेमबाज आहे.

हरणाला कोणी हात लावायचा नाही. नानासो, थोरले भाऊ म्हणून तुम्हाला हे सांगतो. आणि हरणाच्या आई, तू व्रणाचं विचारलंस. थंडीत ओढतो. तू पूर्वी विचारलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं.

हरणाला सांग की तिच्या वडिलांचं असंच व्हायचं आणि आता ते बंदूक चालवतात. आईच्या पायावर माझं डोकं ठेव. राग आला तरी माया सोडू नये, एवढंच तिच्याकडे मागणं.

मानसिंग


मळ्यातली वस्ती, आष्टा
ता. २० मार्च १९४४

ती. सौ. आक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

मी आले नाही यावरून तू ताडलंच असशील. पण सगळं क्रमानं सांगते.

यांचं पत्र होळीच्या आदल्या दिवशी आलं. माझं गाठोडं बांधून तयार होतं. जेवणं झाल्यावर रीतीप्रमाणे सगळे सोप्यात जमले, शेजारचेही आले. मी आधी एकटीनं वाचलं होतं. मधलं गाळावं असं दोनदा मनात आलं. गाळलं नाही. वाचून झालं तेव्हा नानासोंचा मिशीवरचा हात खाली आला होता. सासूबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरण घातलं. होळी पेटली. नेहमीसारखी माणसं येऊन बसलीच होती. बागणीची बनुबाई चार वर्षांच्या नातवाला पाठुंगळी मारून आली होती. सासूबाईंनी खुरपं निखाऱ्यात खुपसलं. हरणाला मागे घालून मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुन्हा नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाल झालेलं खुरपं उचललं, चालत म्हशींच्या हौदापाशी गेल्या आणि पाण्यात टाकून दिलं. मग बनुबाईला सांगितलं की नातवाला घेऊन जा, माझ्या हाताला गुण नाही आणि कधी नव्हता.

केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू! बनुबाई दोन कोस चालून आलेली, ती तोंडाला येईल ते बोलली. भावकीतले लालासाहेब म्हणाले की सुनेनं म्हातारीला भारलं, घराचं नाव बुडालं. सासूबाईंनी त्यांना ऐकवलं की नाव बुडायचं तर बुडू द्या, पोरं भाजण्यापेक्षा ते बरं. असं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी दारातच बसून हमसून हमसून रडले.

हरणा दुसऱ्या दिवशी सकाळी हौदापाशी गेली आणि खुरपं गार झालं का ते बोट लावून बघून आली. आता ते मिरचीच्या वाफ्यात चालतं. मेणकापड नानासोंनी आणलं आणि आपल्या हातानं अंथरलं. अजून ओल्या रात्री येतात, पण पूर्वीसारख्या रोज नाहीत, आणि आल्या तरी घरात कोणी त्याचा उच्चार करत नाही. जाऊबाईंना कुंपणावर घालायला काही मिळत नाही म्हणून त्यांचा जीव थोडा कासावीस आहे.

काल सासूबाईंनी यांना पत्र लिहायला मला बसवलं. त्या बोलत होत्या तसंच उतरवलं, एक शब्द शुद्ध केला नाही. त्यांना विचारूनच नक्कल तुला पाठवते. वाच, आणि त्यांच्यावरही थोडा लोभ वळव.

तुझी
मनू


(नक्कल)

चि. मानसिंग यास आईचा आशीर्वाद.

पत्र सूनबाई लिवतीया, बोलतीया मी. तिनं मदी काय घुसडलं तर मला कळायचं न्हाई. पर ती घुसडनार न्हाई, लय ताठ हाय.

तुजं पत्र आयकलं. दोन दिस मला तुजाच राग आला, यवडी वर्सं गप बसलास म्हनून. मग माजा मला आला. पोरगं गप का बसलंय ह्ये आईनं कवा इचारलं न्हाई, तर चूक कुनाची?

तुजा आज्या येकदा मला म्हनला हुता, गोठ्यात पाचाट लय लागतंया. मी म्हनलं, बैलं मुतत्यात. म्हातारा माज्याकडं बगत ऱ्हायला, हसला न्हाई. तवाच मला उमगाय पायजे हुतं. उमगलं बी आसंल. पर दारात मानसं याय लागली हुती, राहीबाई राहीबाई करत हुती. मान लय ग्वाड लागतो रं, काकवीवानी.

आता गाव नावं ठेवतंय. ठेवू दे. धुळवडीपास्नं मी घरोघर फिरतीया. ज्यास्नी ज्यास्नी डागलं त्यास्नी सांगून येतीया, की बाळांनू, तुमचं काय चुकलं न्हवतं, माजं चुकलं. कुनी पानी देतंय, कुनी दार लावतंय. येकानं कुत्रं सोडलं आंगावर. म्या म्हनलं सोड, पर आदी आयकून घे. दोन गावं ऱ्हायल्यात. पाय दुखत्यात, पर जानार.

तू सुट्टीवर आलास म्हंजी त्यो डाग मला दाव. बगायची ताकद न्हाई. पर बगनार.

हरणी आज कोरडी उठली. लोटकं माज्याम्होरं धरलं आन म्हनाली, आजी, आज तू टाक. मी चिंचोका टाकला. मग आनि येक टाकला. तर भांडाय लागली, रात येकच झाली आन चिंचोकं दोन कशापायी म्हनून. मी म्हनलं, ह्यो तुज्या बापाचा. त्यो ल्हान हुता तवा त्येच्यासाठनं कुनी टाकलाच न्हवता.

खाली माजा आंगठा.